बेलभंडारा आणि साडेपाच गुंठे

शिरूर,
सोमवार, ५ मे २०२५

चि. सोपान,

काल, रविवार दिनांक ४ मे २०२५ रोजी, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी तू खुटबावच्या आपल्या शेतातली वाट तारेचं कुंपण घालून बंद केलीस. वेळ मी घड्याळात पाहिली. चौतीस वर्षं पोस्टात तारखेचे शिक्के मारले, ती खोड रिटायर होऊन आठ वर्षं झाली तरी जात नाही.

मी तुझ्याकडे आलेच नव्हते. मी शेतापलीकडच्या हौशीरामच्या सुनेकडे निघाले होते. सुवर्णाला आठवा सरत आलाय, तिच्यासाठी साडी आणि हिरव्या बांगड्या पिशवीत होत्या. वाटेच्या तोंडाशी तुझा सत्यजीत दोन गडी घेऊन खांब पुरत होता. मला बघून म्हणाला, "आत्या, पलीकडून जा ना, ओढ्यातून. आता कोरडाच आहे." अडुसष्ट वर्षांची बाई हातात बांगड्या घेऊन ओढ्यात उतरली. एक बांगडी फुटली. सुवर्णानं ती बघितली आणि उरलेल्या लगेच हातात भरल्या, हे मला जास्त लागलं.

तू ओसरीवर बसून बिनसाखरेचा चहा पीत होतास. मी परत येताना विचारलं, तर पेपरातून मान वर न काढता म्हणालास, "आक्का, तू तुझं शिरूर बघ."

बरं. शिरूर बघून झालं. आता खुटबाव बघते.

१७ नोव्हेंबर २०२४, तोही रविवारच. तुझ्या बायपासला दोन दिवस होते. देव्हाऱ्यासमोर तू उभा होतास. हौशीरामला तू निरोप धाडून बोलावून घेतलं होतंस. ताटली मी धरली होती. तू बेलाचं पान आणि भंडारा उचलून म्हणालास, "ह्या वाटेवर माझ्या वंशातलं कुणी काटा टाकणार न्हाई. धा फूट वाट, कायमची." खंडोबाचा टाक समोर होता आणि घरातली सगळी माणसं होती. सत्यजीतही होता. त्याच संध्याकाळी तुझ्या सांगण्यावरून जुनी तार काढली.

आणि आता सत्यजीत मला हिशोब समजावतो की सहाशे फूट गुणिले दहा फूट म्हणजे साडेपाच गुंठे जातात. गणित मला येतं.

हौशीरामच्या वस्तीतल्या सहा घरांच्या मागं रेल्वेचा रूळ आहे, त्यालाही आता कुंपण आलं. एका अंगाला ओढा, दुसऱ्या अंगाला खाण. पुढं आपलं शेत. सुवर्णाचे दिवस वीस जूनला भरतात. तोवर ओढ्याला पाणी आलं असेल. अँब्युलन्स कुठून येणार, हे तू आणि सत्यजीतनं मिळून मला लिहून कळवायचं आहे. सोमवार, १२ मे, संध्याकाळी पाचच्या आत. फोन नको. फोनवर तू खोकून वेळ काढतोस.

तुझी,
आक्का


शिरूर,
बुधवार, १४ मे २०२५

सोपान,

मुदत संपली. तुझं पत्र नाही. सत्यजीतचा व्हॉट्सॲप आला. आप्पांना टेन्शन देऊ नका, डॉक्टरांनी सांगितलंय, आणि भंडारा उचलला तेव्हा आप्पा औषधाच्या गुंगीत होते. खाली हात जोडल्याची दोन चित्रं.

औषधं मंगळवारी सुरू झाली, पुण्याला गेल्यावर. भंडारा रविवारचा. त्याच दुपारी तू ऊसतोडीच्या मुकादमाला फोनवर सांगत होतास की आधी विहिरीकडचा फड घ्या, मग बाभळीचा. गुंगीतल्या माणसाला फड आठवत नाहीत. तू शुद्धीवर होतास, सोपान. घाबरलेला होतास, एवढंच.

तुला एक गोष्ट सांगते. मी दौंडच्या नन्सच्या शाळेत जायचे तेव्हा शुक्रवारी शेवटच्या तासाला सिस्टर बेनेडिक्टा बायबलमधल्या गोष्टी सांगायच्या. आबांना कुणीतरी म्हणालं, पोरगी बाटेल. आबा म्हणाले, "गोष्टी ऐकून बाटती व्हय? मंग कीर्तनाला बसून तू सुधारला का?" पोरगी बाटली नाही, पण काही गोष्टी अंगात राहिल्या.

यिर्मया नावाचा एक म्हातारा संदेष्टा होता, यहुद्यांचा. संदेष्टा म्हणजे भविष्य सांगणारा बुवा नव्हे, सिस्टर ओरडायच्या. देवानं ज्याला न आवडणारं बोलायचं काम दिलंय तो. त्याच्या काळात बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, फौजेनं यरुशलेमला वेढा घातला. धान्य संपत आलं. राजा सिद्कीया आणि गावातले मोठे लोक घाबरले, आणि घाबरल्यावर त्यांना आठवलं की आपण आपल्याच भाऊबंदांना गुलाम करून ठेवलंय. कायद्यानं त्यांना कधीच सोडायला हवं होतं. मग त्यांनी देवळात शपथ घेतली. त्यांची शपथ घ्यायची रीत अशी, की वासरू मधोमध चिरायचं आणि दोन तुकड्यांमधून चालत जायचं. शब्द मोडला तर माझं असं होवो. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलींनी तोंडावर रुमाल धरला होता. मला मात्र आपला बेलभंडारा आठवला होता.

गुलाम सोडले. ते आपापल्या घरी गेले असतील, पोराबाळांत बसून जेवले असतील. आणि मग दुसरीकडून मिसरची, म्हणजे इजिप्तची, फौज निघाल्याची बातमी आली आणि बाबेलवाल्यांनी वेढा उठवला. मोठ्या लोकांनी हुश्श केलं. आणि सोडलेली माणसं पुन्हा धरून आणली.

तेव्हा यिर्मया बोलला. सिस्टरनं सांगितलेला मथितार्थ असा, की देवाला त्यांच्या आधीच्या पापापेक्षा हे जास्त लागलं. भीतीपोटी का होईना, त्यांनी एकदा बरोबर गोष्ट केली होती. बरोबर काय ते त्यांना कळलेलं होतं. कळून ते परत फिरले.

सिस्टरनं विचारलं होतं, यात सगळ्यांत वाईट दिवस कुणाचा? मी हात वर केला होता आणि म्हणाले होते, राजाचा. त्या म्हणाल्या, नाही सिंधू, जो दोन दिवस घरी जाऊन आला त्याचा.

रविवारी हौशीराम आला होता शिरूरला, चौफुल्यावरून गाडी बदलून. मीच बोलावलं होतं, रस्त्याच्या अर्जावर त्याचा अंगठा हवा होता. मी पोहे केले. तो खाईना. मला वाटलं रुसलाय, म्हणून चार शब्द सुनावले. तर म्हणाला, "आक्का, रविवार हाय. मी दर रविवारी धरतो आता. तार घातल्यापासनं."

मी विचारलं, कशासाठी?

"आप्पांनी भंडारा उचलला तवाच मी म्हनलो व्हतो, आप्पा, नगा उचलू. मानूस भ्यालेला असला का देवाला मधी घेऊ न्हाई. पन त्यांनी उचलला. आन् आता मोडला. देव काय इच्यारत बसतोय व्हय, कुनी मोडला, कशापायी? त्यांची छाती आदीच चिरलेली. म्हून मी धरतो. तेवढंच त्यांच्यावरचं हलकं हुईल."

सोपान, त्याला साखर आहे. मी त्याला डॉक्टरांची धमकी दिली, खंडोबाची दिली, शेवटी पोह्यांवर ताट उपडं घातलं. ज्याची वाट तू बंद केलीस तो माणूस तुझ्या जिवासाठी उपाशी आहे, हे तुला कुणी सांगितलं नसणार. त्यानं मलाही सांगू नको म्हणून बजावलंय. मी सांगतेय. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे.

अंगठा मात्र त्यानं उठवला. सुवर्णासाठी, म्हणाला. अर्ज दौंडला तहसीलमध्ये गेला आहे. तुला नोटीस येईल. त्याआधी पत्र आलं तर मला बरं वाटेल. २१ मे, संध्याकाळी पाच.

आक्का


शिरूर,
शनिवार, २४ मे २०२५

सोपान,

तुझं पाकीट काल मिळालं. आत पत्र नव्हतं. एका कागदाची झेरॉक्स होती.

मी ती टेबलावर ठेवली आणि भाजी निवडली. मग कपडे वाळत घातले. मग पुन्हा येऊन बघितली. ती तिथंच होती.

मा. तहसीलदार, दौंड यांस, ९ मार्च १९९८. "सदर गटातून कोणतीही वहिवाट नाही व पूर्वी कधीही नव्हती." खाली तुझी सही. आणि त्यावरचं सगळं अक्षर माझं. नन्सनी घोटून घेतलेलं, सरळ, एकसारखं. तेव्हाही सगळे म्हणाले होते, काय सुंदर अर्ज लिहिलाय.

पहिल्या पत्रात मी तारीख आणि वेळ लिहिली, ती तुझ्या चुकीची. ही तारीख मी लिहिली नाही. विसरले होते असं लिहिणार होते, पण सत्तावीस वर्षांत एकही महिना गेला नाही की आठवली नाही.

त्या वेळी माझ्या अनिताचे वडील जाऊन वर्ष झालं होतं. मी आणि माझी नऊ वर्षांची पोर तुझ्या घरी मधल्या खोलीत राहत होतो. तू काही बोलला नव्हतास. वहिनी पण नाही. पण मी रोज दौंडहून आले की आधी भांड्यांना हात लावायचे आणि मग पायांना पाणी. तू एका संध्याकाळी कोरा कागद घेऊन आलास आणि म्हणालास, आक्का, तुझं अक्षर चांगलं आहे. मी नाही म्हणू शकले असते. तू मला घराबाहेर काढलं नसतंस, हे आज मला माहीत आहे. तेव्हा खात्री नव्हती. आणि खात्री करून बघायची हिंमत नव्हती.

हौशीरामची बाजू ऐकायला साहेब आले तेव्हा त्याच्याकडे एकही कागद नव्हता. आपल्याकडे माझा होता.

पूर्वी कधीही नव्हती! सहा वर्षं मी त्या वाटेनं सकाळची गाडी धरली, सोपान. खुटबाव स्टेशनला जायची तीच जवळची वाट. अंधार असायचा म्हणून रंगुबाई, हौशीरामची आई, तिच्या दारापासून रूळ ओलांडून देईपर्यंत माझा हात धरायची. तिच्या तळव्याला कांद्याचा वास यायचा. एकदा पावसात माझे बूट भिजू नयेत म्हणून तिनं मला कडेवर घेतलं होतं, मी अकरा वर्षांची घोडी होते. ती वाट संपूर्ण गावात सगळ्यांत जास्त कुणी वापरली असेल तर मी. आणि ती नव्हती म्हणून लिहिलं तेही मीच.

तू झेरॉक्स पाठवलीस ती माझं तोंड बंद करायला. सत्यजीतनं सुचवलं असेल, पण पाकिटावरचा पत्ता तुझ्या हातचा आहे, आणि "शिरूर"चा दीर्घ ऊकार तू अजून उलटा काढतोस. मला राग आला नाही. आला, पण तुझा नाही.

ही पहिली वेळ आहे की मी तुला मुदत देत नाही. आज मला तो अधिकार वाटत नाही.

सिंधू


शिरूर,
सोमवार, २ जून २०२५

चि. सोपान,

अधिकार परत मिळवून आणला आहे, म्हणून लिहिते.

शुक्रवारी, ३० मे रोजी, दुपारी बारा वाजता दौंडला जाऊन मी प्रतिज्ञापत्र केलं. १९९८ चा अर्ज माझ्या हस्ताक्षरात आहे, त्यातलं वाटेबद्दलचं विधान खोटं आहे आणि लिहिताना ते खोटं आहे हे मला माहीत होतं, असं स्वच्छ लिहून दिलं. वकील म्हणाले, मॅडम, "माहीत होतं" एवढं काढा, "नजरचुकीनं" टाका. म्हटलं, नजर माझी चांगली होती, चष्मा नंतर लागला. ते म्हणाले, अडचण येऊ शकते. येऊ दे. या वयात मला दुसरं काय येणार आहे?

गावात काय बोलतात ते कळतंय. आक्कानं माहेर विकलं. तुझ्या दारात आता मला कुणी सणावाराला बोलावणार नाही. तेही लिहून घेतलंय मी मनात, आणि तरीही अक्षर नीट आलं.

आता पंचवीस मेचं. तू बोलणार नाहीस, म्हणून मीच बोलते.

ऐन मे महिन्यात ओढा असा येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. रविवारी दुपारी सुवर्णाच्या पोटात कळा आल्या. तिचा नवरा साई रांजणगावला कंपनीत, शिफ्टवर. ओढ्याला कमरेच्या वर पाणी, आणि वाटेवर तुझी तार. अँब्युलन्स डांबरी रस्त्यावर उभी राहिली, सहाशे फुटांवर. हौशीराम तार तोडायला कोयता घेऊन उठला होता, पण सुवर्णानंच त्याला धरलं. म्हणाली, मामंजी, केस हुईल. बाईला कळा येत होत्या आणि ती केसचा विचार करत होती.

मग गावातला दत्ता जेसीबी घेऊन आला. ओढ्यात मशीन घातलं, सुवर्णाला पुढच्या बकेटमध्ये गोधडी टाकून बसवलं आणि पलीकडं नेलं. केडगावला पोचली. कळा खोट्या निघाल्या, दोन दिवस ठेवून घेऊन घरी पाठवली. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी इतका वेळ लावू नका. जणू हिनंच लावला.

दत्ताला मी विचारलं, तुला कुणी बोलावलं रे? तो आधी इकडंतिकडं बघत राहिला. मग म्हणाला, "आप्पांचा फोन व्हता. म्हनले, पळ, आन् डिझेलचं माझ्याकडं बघ. पन सत्यजीतला कळू देऊ नगं."

हे ऐकल्यावर मी एसटीत बसून रडले. शेजारच्या बाईनं मला गोळी देऊ केली.

यिर्मयाची गोष्ट मी तुला अर्धी सांगितली होती. त्याच्या बोलण्यानं चिडून सरदारांनी त्याला एका कोरड्या हौदात सोडलं. खाली नुसता चिखल. तो त्यात रुतला. राजा सिद्कीया सरदारांना म्हणाला होता, तो तुमच्या हातात आहे, मी काय करणार? पण एका परदेशी नोकरानं येऊन सांगितलं, महाराज, तो तिथं मरेल. तेव्हा त्याच राजानं माणसं दिली. नोकरानं दोर सोडले, आणि दोर काखेत कापू नयेत म्हणून जुन्या चिंध्याही सोडल्या. सिस्टर त्या चिंध्यांवर फार बोलायच्या. दत्तानं टाकलेली गोधडी ऐकली आणि मला त्या चिंध्या आठवल्या.

त्यानंतर राजानं यिर्मयाला गुपचूप बोलावून विचारलं, माझ्यासाठी काही निरोप आहे का? आणि शेवटी म्हणाला, आपण बोललो हे कुणाला सांगू नकोस. लहानपणी मला तो राजा नालायक वाटायचा. आता वाटतं, त्याला आतून सगळं कळत होतं. तो बाबेलच्या फौजेला जेवढा भीत होता, त्याहून जास्त आपल्याच घरातल्यांना भीत होता. पुढं त्याचं काय झालं ते मी इथं लिहीत नाही. तुझी छाती अजून पुरती भरलेली नाही.

तू सत्यजीतला भितोस, सोपान. इस्पितळात तो रोज डबा घेऊन आला, तुझी पाठ पुसली, आणि आता तुला वाटतं त्याचा शब्द मोडला तर म्हातारपणी पाठ कोण पुसेल. हे मला तुझ्याहून जास्त कळतं. मी याच भीतीनं एक अर्ज लिहिला होता. त्यानं मला कुणी जास्त दिवस ठेवून घेतलं नाही, आणि त्याआधीही कुणी हाकलत नव्हतं. पोरगा तुझा आहे. बापानं शब्द पाळलेला त्यानं एकदा तरी बघू दे, म्हणजे पुढं त्याला कुणी ताटली धरली तर त्याचा हात ओळखीनं उचलेल.

आता कामाचं.

गुरुवार, १२ जून, सकाळी साडेअकरा वाजता दौंडला सुनावणी आहे. माझं प्रतिज्ञापत्र तेव्हा वाचलं जाईल. वाट बहुतेक मिळेल, पण आदेशाची मिळेल. साहेबांच्या शिक्क्याची वाट आणि तुझ्या भंडाऱ्याची वाट या दोन वेगळ्या आहेत. पहिलीवरून सुवर्णा दवाखान्यात जाईल. दुसरीवरून हौशीराम तुझ्या ओसरीवर परत येईल. मला दोन्ही हव्या आहेत, मी पहिल्यापासून हावरट आहे.

म्हणून तू तार सुनावणीच्या आधी काढ. गडी लावू नकोस, जड उचलू नकोस, पण तिथं उभा राहा. सत्यजीतला पक्कड दे हातात.

सोबत एक पाकीट ठेवलं आहे. तिकीट लावलंय, पत्ता माझाच घातलाय. आत कोरा कागद आहे. जास्त लिहू नकोस, तुला ते कधी जमलं नाही. हौशीरामनं कालचा रविवारही धरला, सलग पाचवा. त्याला चक्कर आली होती, सुवर्णानं गुळाचा खडा पुढं केला, तो त्यानं देव्हाऱ्यात ठेवला. तो माझं ऐकत नाही, डॉक्टरांचं ऐकत नाही. तुझं ऐकेल.

तेव्हा त्यानं उपास कोणत्या दिवशी सोडायचा आणि जेवायला कुणाच्या घरी यायचं, एवढंच मला लेखी कळव. बुधवार, ११ जून २०२५, संध्याकाळी पाचच्या आत.

तुझी,
आक्का